दुसरा तोडा

गोपीचंदच्या मळ्यातल्या एका वांग्याच्या सावलीत बकरी व्यायली आणि दोन्ही पिल्लांना ऊन लागलं नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलेलं आहे. ती बकरी मी स्वतः पाहिली आहे, तेव्हा निम्मं तरी खरं असणार. मंगरूळपीरच्या बाजारात गिऱ्हाईक आधी त्याच्या गप्पा ऐकायचं, मग वांगी घ्यायचं.

त्याची मुलगी अंजू. गेल्या वर्षी बारावीनंतर तिनं वकिलीची सीईटी दिली आणि अकोल्याच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. गोपीचंदनं ही बातमी गिऱ्हाइकांनाच काय, बाजारातल्या गाईंनाही सांगितली. शेजारी टोपली लावणाऱ्या हिरालालला मात्र राहवलं नाही.

“अकोलाच काय? मी तं समजलो, नागपूर लागन.”

झालं. गोपीचंदला ते झोंबलं.

“वांग्याचा पहिला तोडा हलकाच असते, भौ,” तो अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाला. “माल भरते दुसऱ्या तोड्याले. पोट्टी पुन्हा परीक्षा देईन. नागपूरच्या खाली बात नाई!”

माळव्यावाल्यांची एक रीत असते. पहिला तोडा, म्हणजे पहिल्या खुडणीचा माल, थोडाच निघाला, तर तो ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायचा आणि दुसऱ्याबरोबर बाजारात न्यायचा. गोपीचंदच्या डोक्यात परीक्षेचंही तेच बसलं. अंजूचे पहिले गुण सरकारनं कुठंतरी झाकून ठेवले असतील. पुढच्या खेपेला जास्त पडले तर ते घेऊ, नाहीतर हे आहेतच. अंजूनं अकोल्याची जागा सोडली. पुन्हा पुस्तकं उघडली.

यंदा निकाल लागला. गुण कमी पडले.

“मंग मागचे धर,” गोपीचंद म्हणाला.

“बाबा, ते मागच्याच वर्षापुरते होते.”

“म्हंजे? गेले कुठं?”

“गेले.”

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तिचं नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीत अकोल्याचं कॉलेजसुद्धा तिच्या गुणांच्या वर जाऊन बसलं. तेव्हापासून गोपीचंद टोपली उलटी लावू लागला. सगळे चांगली वांगी वर ठेवतात. हा किडकी वर ठेवी.

“काहून हो, किडकी दाखवून राह्यले?” एका बाईनं विचारलं.

“आहे ते आधीच दिसू द्या, माय.”

बाईला वाटलं, म्हाताऱ्यानं खाली खासा माल दडवला आहे. तिनं हात घालून तळ उपसला. मग दुसरीनं. त्या दिवशी त्याची टोपली बाजारात सर्वांत आधी रिकामी झाली, आणि रिकाम्या टोपलीकडे पाहून त्याला आणखीच लाज वाटली.

संध्याकाळी वाफ्यात पाणी सोडताना तो अंजूला म्हणाला, “माह्या तोंडानं तुह्यं वर्ष खाल्लं, बाई.”

अंजू एक पान उलटून कीड पाहत होती. “मले माहीत होतं, बाबा.”

“काय?”

“गुण टिकत नाईत ते. जागा सोडतानाच माहीत होतं.”

“मंग बोलली काहून नाई?”

“तुमी बाजारात बोलून आल्ते.” तिनं पान सोडलं. “आन् तुमी म्हनत होते, नागपूर लागतेच. मले खरं वाटलं.”

आता खरं तर त्याचं ओझं अर्धं व्हायला हवं होतं. ते दुप्पट झालं. आजवर त्याच्या बोलण्यावर बाजारातल्या एकाही माणसानं विश्वास ठेवला नव्हता. ठेवला तो घरच्या पोरीनं.

शेवटच्या फेरीत यवतमाळकडच्या एका नव्या, लहानशा कॉलेजात जागा मिळाली. “जाईन मी तिथं,” अंजू म्हणाली.

गोपीचंद बाजारात गेला आणि उभा राहूनच बोलला, “ऐका हो. पोट्टीले पहिल्यांदा भेटलं होतं, त्याच्याहून लहान कॉलेज भेटलं. यवतमाळ. तिचं वर्ष गेलं ते माह्यामुळं.”

ओळीतल्या सगळ्या माना वळल्या. मग हिरालाल मांडी थोपटून हसला. “लबाड! नागपूर लागलं असन, पेढे चुकवून राह्यला!”

“तुह्या गळ्याची आन, यवतमाळ!”

“बकरीच्या येळेसही माह्याच गळ्याची आन घेतल्ती!”

पेढे वाटावेच लागले. जितकं नाही म्हणावं, तितकी लोक त्याची पाठ थोपटत.

जायच्या दिवशी हिरालाल स्टँडवर आला. “अंजू, नागपूरले सांभाळून राहाजो, बाई!”

गोपीचंदनं कंडक्टरला हात जोडले. “भाऊ, गाडी कुठं चालली ते जरा जोरानं सांगा.”

“यवतमाळ! यवतमाळ!” कंडक्टर घसा फाडून ओरडला.

“पाहा,” हिरालाल लोकांना म्हणाला, “कंडक्टरलेही फितवलं!”

सगळं स्टँड हसलं. खिडकीत अंजूही हसली आणि तिनं बापाकडे पाहून हात हलवला. गाडी वळणाआड जाईपर्यंत गोपीचंदचा हात वर झाला नाही.