टाचेचा गिअर

विद्याधर कारखानीसच्या मोटारसायकलचा गिअर कुर्ल्याच्या लोहाराने घडवला होता. कंपनीचा दांडा काढून मागेपुढे लांब पट्टी बसवलेली. गाडी जुनी विलायती, गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या; पण बोटांनी गिअर वर उचलायची भानगडच नको, टाचेने मागची बाजू दाबली की काम झालं. दिसायला नुसतं ध्यान! मुलुंडची पोरं तिला शिवणयंत्र म्हणायची. विद्याधर हसून सोडून द्यायचा. त्याच्या उजव्या पायाची बोटं मेली होती, पाऊल लुळं लोंबत होतं, हे डॉक्टरखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. लंगडणं दिसलं की 'जुनी मुरगळ' म्हणून वेळ मारून न्यायची. औषधकंपनीचा फिरता विक्रेता तो. नाशिक, धुळे, जळगाव, सगळं याच गाडीवर. पाय गेल्याचं कळलं की नोकरी गेलीच म्हणायची.

आणि नेमकी खंडेनवमीला माशी शिंकली. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तो काय, गाडी धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून उभी. शेजारी बायको कुंदा आणि तिचा भाऊ नंदकिशोर, दोघांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. लोहाराची पट्टी गायब! तिच्या जागी कंपनीचा अस्सल, चकचकीत दांडा.

"बंदरावरच्या दोस्ताकडून मागवला, भावोजी. खास विलायतेहून!" नंदकिशोर म्हणाला.

"पूजेला असलं जोडकाम नको म्हटलं," कुंदा म्हणाली. "खंडित मूर्ती पुजतो का आपण?"

"आणि जुनी पट्टी?"

"ती होय? भंगारात दिली. एव्हाना वितळलीसुद्धा असेल!"

मेल्या नंद्या, तुझं भलं होवो! पण रागवायचं तरी कुणावर? दोघांनी मायेनेच केलं होतं. सणासुदीला, सगळी बिऱ्हाडं दारात उभी असताना, सांगणार तरी काय?

"चला, एक चक्कर मारू," म्हणत कुंदा नवी साडी सावरून मागे बसलीसुद्धा. पहिला गिअर वर उचलायचा. त्याने मांडीपासून पाय खेचला, पाऊल दांड्याखालून निसटलं. पुन्हा खेचला, पुन्हा निसटलं.

"नवा आहे ना, कडक असेल," म्हणत नंदकिशोरने वाकून हातानेच गिअर चढवला आणि गाडी निघाली.

पुढचे गिअर खाली दाबायचे, ते पडले. आग्रा रोडवर गाडी सुसाट सुटली. कुंदा मागे गुणगुणत होती आणि विद्याधरच्या मनात एकच जप, कुठे थांबायला लागू नये. देव कसला ऐकतोय! भांडुपजवळ म्हशी आडव्या आल्या. डाव्या पायाने ब्रेक मारला, तशी गाडी आचके देऊन चौथ्या गिअरमध्येच बंद पडली. कुंदा उतरून बघते तर हा वाकून हाताने दांडा उपसतोय.

"पायाने का नाही हो?"

तो दांडाच उपसत राहिला.

"अहो, पायाला काय झालंय?"

"काही नाही गं. मुरगळलाय."

कुंदा नव्या साडीनिशी धुळीतच बसली. "चप्पल काढा. अंगठ्याला चिमटा घेते. लागलं तर सांगा."

विद्याधरने चप्पल काढली आणि मान फिरवून म्हशींकडे बघत राहिला. थोडं थांबून तो कळवळला, "आई गं! लागतंय ना, कुंदे. सोड."

उत्तर येईना म्हणून त्याने खाली पाहिलं. कुंदाने त्याच्या पायाला अजून हातच लावला नव्हता. दोन्ही हातांनी तिने पदर तोंडात कोंबला होता.