कप्तानाच्या मुलीची शेळी

ते साल १९६६. मी तेवीस वर्षांची होते आणि सातवी ‘ब’ला इतिहास शिकवत होते, तोही तात्पुरत्या नेमणुकीवर. वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात तपासनिसांनी मला कायम केलं तर शिकवायचं, नाहीतर काकांच्या बटणांच्या दुकानात बसायचं. ते दुकान मला चांगलं माहीत होतं. भिंतभर खण, प्रत्येक खणावर नमुन्याचं एक बटण, आणि दिवसभर काकांचा एकच प्रश्न, “दोन भोकांचं की चार भोकांचं?”

पुस्तकात एका जुन्या मोहिमेचा धडा होता. बावीस माणसं बर्फाचे डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्राची वाट शोधायला निघाली होती. धड्याच्या तळाशी एक ओळ होती: ‘या मोहिमेत कप्तानाची आठ वर्षांची मुलगीही होती.’ बस्स. लगेच स्वाध्याय.

त्या बावीस माणसांत वर्गाला काडीचा रस नव्हता. पहिल्या बाकावरची एक मुलगी ‘पण बाई’ म्हटल्याशिवाय बोलतच नसे, म्हणून सगळे तिला ‘पणबाई’ म्हणत. ती उठलीच.

“पण बाई, तिची वेणी कोण घालायचं?”

“पुस्तकात दिलेलं नाही.”

“पण बाई, ती दिवसभर करायची काय?”

“तेही दिलेलं नाही.”

“मग दिलंय तरी काय?” मागून लंबू म्हणाला. तो सातवीत दुसऱ्यांदा बसला होता, त्यामुळे त्याला या धड्याचा अनुभव होता.

अडतीस चेहरे माझ्याकडे बघत होते आणि तास संपायला वीस मिनिटं होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “तिच्याजवळ एक शेळी होती.”

वर्ग असा चिडीचूप झाला की मला माझंच कौतुक वाटलं. मग काय, शेळी रोज थोडी थोडी मोठी होत गेली. मंगळवारी ती तंबूत शिरली, बुधवारी तिनं कप्तानाचा मोजा चघळला, आणि शुक्रवारी तर नकाशाच खाऊन टाकला.

आमच्या शाळेत सहामाहीचे पेपर दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी तपासायची पद्धत होती. माझा गठ्ठा गेला इतिहासाच्या वरिष्ठ सरांकडे. हा गृहस्थ हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. प्रश्न होता, ‘मोहिमेला उशीर का झाला?’ उत्तर, हिमवादळामुळे. छत्तीस जणांनी लिहिलं होतं, शेळीनं नकाशा खाल्ला म्हणून. एकानं हिमवादळ लिहून पुढे ‘आणि शेळी’ अशी जोड दिली होती. उरलेला एक आजारी होता.

सरांनी तो गठ्ठा मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, सडपातळ, ताठ. मुलं त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत.

“ही शेळी कुठल्या पानावर आहे?” त्यांनी विचारलं.

“कुठल्याच नाही, बाई.”

“गुरुवारी तपासनीस येताहेत. त्याआधी तिला वर्गाबाहेर काढा. कशी, ते तुमचं तुम्ही बघा.”

मुलांना गप्प राहायला सांगावं, असं मनात येऊन गेलं. पण अडतीस मुलांना एखादी गोष्ट लपवायला सांगणं म्हणजे ती वर्तमानपत्रात देणं. बुधवारी मी वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं, “शेळी नव्हती. मी बनवली होती. चूक माझी.”

“मोजासुद्धा?” लंबूनं विचारलं.

“मोजासुद्धा.”

“पण बाई, मुलगी तरी होती ना?”

“मुलगी होती. तेवढं नक्की.”

मग आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले: माहीत आहे, माहीत नाही, बाईंनी बनवलं. मधला रकाना फळा संपला तरी संपेना.

गुरुवारी तपासनीस आले, मागच्या बाकावर टेकले आणि थोड्या वेळानं त्यांनी नेमकं तेच विचारलं, “मोहिमेला उशीर का झाला?”

पणबाई उभी राहिली. “हिमवादळामुळे. आणि शेळी नव्हती.”

“कसली शेळी?”

“बाईंनी बनवलेली,” लंबू मदतीला धावला. “पण काल त्यांनी स्वतःच सांगितलं. चांगल्या आहेत हो बाई.”

तपासनिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. संध्याकाळी मोठ्या बाईंनी वाचून दाखवलं: ‘वर्ग फार बोलतो. शिक्षिका चूक कबूल करतात. कायम करण्याचा विचार पुढील वर्षी.’

म्हणजे वडिलांच्या मुदतीत मी काही कायम होणार नव्हते. काकांनी माझ्यासाठी दुकानात स्टूलसुद्धा आणून ठेवलं. तोच रविवारी मोठ्या बाई आमच्या घरी आल्या, दोन कप चहा प्यायल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “इतिहास शिकवणारी माणसं मिळतात हो. मुलांसमोर ‘चुकले’ म्हणणाऱ्या मला सतरा वर्षांत दोनच मिळाल्या.”

“दुसरी कुठे असते?” वडिलांनी विचारलं.

“तिच्या वडिलांनी तिला घरी बसवलं.”

 सोमवारी ते स्टूल काकांनी स्वतःलाच घेतलं.

पुढच्या वर्षी मी कायम झाले आणि चौतीस वर्षं शिकवलं. काकांचं दुकान चुलतभावानं चालवलं, अजूनही चालतं. मोठ्या बाई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या, आणि दर महिन्याला मला पत्र लिहीत, शेवटपर्यंत. वरिष्ठ सर मुख्याध्यापक झाले. लंबू बस चालवायला लागला. मला बघितलं की थांबा नसेल तिथेही थांबायचा. पणबाई वकील झाली. उलटतपासणीत समोर उभ्या राहणाऱ्यांची मला कीव येते.

कप्तानाच्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. चार ग्रंथालयांत विचारून झालंय.