चार बोटं

चार बोटं खाली
फाटकापासून दारापर्यंतचा काँक्रीटचा पट्टा दाराशीच चार बोटं खचला होता. आई गुरुवारी दवाखान्यातून चाकांच्या खुर्चीवर घरी येणार होती. तिने बजावून ठेवलं होतं, "मला उचलून आत न्यायचं नाही. मी काय कपाट आहे?"
आज मंगळवार.

अजूनही चार
"फोडायचा आणि नवा ओतायचा," बाबा म्हणाले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस.
"आणि तो सुकेपर्यंत आई फाटकात बसणार?" थोरली म्हणाली.
धाकटा मोबाइलमधून मान न काढता बोलला, "फोम सोडू, ताई. खाली फुगतो, पट्टा वर. पंधरा मिनिटं."
"फोमवाल्यांची गाडी सोमवारी येते. विचारून झालंय."
उरला सिमेंट-मातीचा पातळ गारा. भोकं पाडायची, पंपाने खाली दाबायचा. थोरली वर्षभर हेच काम करत होती. बाबा एकदाही बघायला फिरकले नव्हते.
"काँक्रीटला काय ताप आलाय, इंजेक्शन द्यायला?" बाबा म्हणाले.

बुधवार सकाळ. चारच
पाच भोकं, दोन पिंपं गारा. पट्टा ढिम्म हलेना. धाकट्याने रिकाम्या पिंपात डोकावून पाहिलं.
थोरलीने पंप बंद केला.
बाबा पायरीवरून उठले. डाव्या कोपऱ्यावर टाच आपटली. बद्द आवाज आला.
"इथे भोक पाड."
"इथेच का?"
"इथे धुमस मारून माती दाबलेली नाही." ते दुसरीकडे बघत होते. "तुझ्या जन्माचा निरोप आला, धुमस तिथेच टाकली आणि पळालो. दुसऱ्या दिवशी वरून ओतून मोकळा झालो. कुणाला बोललो नाही."
"म्हणजे खड्डा माझाच."
"तुझाच. भर आता."

अडीच
दीड
बाबा सपाटी बघायची पाणसळ धरून जमिनीवर आडवे झाले होते. "येऊ दे. येऊ दे. सावकाश."
एक
अर्धं
"बास!"

गुरुवार
आईने स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली. दाराशी धक्का बसेल म्हणून दात आवळले. धक्का बसलाच नाही, ती थेट आत.
तिने खुर्ची वळवली. बाहेर आली. पुन्हा आत गेली.
"खड्डा कुठे गेला?"
बाबा तोवर फाटकावर पोचले होते आणि पलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारत होते, "अहो, इकडे या. फोडाफोडी न करता पट्टा उचललाय माझ्या पोरीने. नाही, मी नाही. मी नुसती पाणसळ धरली."