जिवाणी

"आत्ती, घोटभर तरी घ्या की," राजमतीने तिसऱ्यांदा विनवले. बाळाबाईंनी मान भिंतीकडे वळवली. एक्कावन्न सालचा उन्हाळा घर भाजून काढत होता, गाळलेल्या पाण्याचा हंडा उशाशी भरलेला होता. पण जिवाणी विहिरीत परत गेल्याशिवाय ही सासू पाण्याला शिवायची नाही. गाळताना फडक्यात अडकलेले बारीक जीव आधी त्यांच्या पाण्यात पोचवायचे, मगच आपण प्यायचे, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. मांडीचे हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तिचा मुलगा धनपाल हे काम करायचा. आज तो पहाटेच पेठ वडगावच्या बाजाराला गेला होता, आणि पाळी राजमतीवर आली.

आठ महिन्यांपूर्वी जिवाणीचा तांब्या घेऊन राजमतीची सहा वर्षांची लेक अरुणा त्याच विहिरीत उतरली होती. आजीनेच पाठवली होती, पोरीला धर्माचे वळण लागावे म्हणून. पाय घसरला आणि सगळे संपले. तेव्हापासून राजमती ना विहिरीकडे फिरकली, ना बस्तीत, जैन मंदिरात, देवापुढे उभी राहिली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांपायी माझे हसतेखेळते लेकरू गेले, मग देव काय करत होता, असे ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. सासूपुढे मात्र तिने चकार शब्द काढला नाही.

तांब्या घेऊन ती उसाच्या बांधावरून विहिरीशी आली. कसबा बावड्याच्या त्या मळ्यात भर दुपारी चिटपाखरू नव्हते. जिवाणी वरून ओतायची नसते, पायऱ्या उतरून अलगद सोडायची असते. इथेच ओतून परत गेले तर म्हातारीला कोण सांगणार होते? तिने तांब्या कलताही केला. पण आपल्या खोटेपणावर विसंबून आत्ती पाणी पितील, हे तिला सोसेना.

भीती तिला पाण्याची नव्हती, स्वतःची होती. खाली गेले की लेकीमागे जावेसे वाटेल आणि आपण जाऊ, हे ती जाणून होती. ती पहिल्या पायरीवर उतरली. तिने णमोकार मंत्र सुरू केला, पण दोन ओळींपुढे काही आठवेना. तेवढेच पुन्हा पुन्हा म्हणत ती उतरू लागली.

"देवा, तिला धरलं न्हाईस," ती मोठ्याने म्हणाली. "मला तरी धर."

भीती गेली नाही, पण पाय थांबले नाहीत. शेवटच्या पायरीवर बसून तिने तांब्या पाण्याला टेकवला आणि जिवाणी अलगद सोडली. पाणी हलले, मग संथ झाले. बराच वेळ ती तिथेच बसून राहिली. मग उठली आणि वर आली.

घरी येऊन बघते तर बाळाबाई उंबऱ्यात पालथ्या पडलेल्या. मोडकी मांडी ओढत तिथवर सरपटल्या होत्या.

"तुझ्यामागं यायला निघालतो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "खाली उतरलीस?"

"उतरलो, आत्ती."

"मंत्र आला?"

"अर्धाच आला."

म्हातारीने डोळे मिटले. "अरूलाबी अर्धाच यायचा. पुरा शिकवायच्या आदीच धाडलं मी तिला."

हे ऐकायला राजमती आठ महिने थांबली होती. ऐकले, आणि तिला नुसते रडू आले. तिने सासूचे डोके मांडीवर घेतले आणि पळीपळीने पाणी पाजू लागली.