पाव फेरा

चंपतने पान्याच्या दांड्यावर नळा चढवून तो हातभर लांब केला आणि विमानाच्या नाकाखाली गुडघे टेकून सगळा भार त्यावर टाकला. नट कुरकुरला. तेव्हा कुठे त्याच्या जिवाला बरं वाटलं.

पोलादाच्या प्लांटात चंपतने आवळलेला वाफेचा जोड गळला, असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. भिलाईची भट्टी पेटली त्यात आपल्या मनगटाचाही वाटा आहे, असं तो छाती काढून सांगे, आणि ते काही खोटं नव्हतं. इथे तर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा जीव या पेट्रोलच्या नळीवर होता. त्याचे भाऊजी दौलतराव लढाईच्या काळात विमानांचे मेकॅनिक होते. सेक्टर दहाच्या क्वार्टरमागे शेड घालून त्यांनी हे दोन सीटचं विमान स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. आज बोरसीच्या माळावरून दौलतराव ते पहिल्यांदा उडवणार होते.

बहिणीचं, शकुबाईचं, एकच म्हणणं होतं. "पेट्रोल गळून आग लागली त वर इझवाले कोन जाईन? तू आवळजो, चंपत. दुसऱ्याच्या हाताचा मले भरोसा नाई."

आणि दौलतरावांनी काय सांगावं? "बोटानं बसव, मंग पान्यानं पाव फेरा. त्याच्यावर जाऊ नको."

पाव फेरा म्हणे! एवढ्यावर तर घासलेटच्या डब्याचं बूचही बसत नाही. चंपतने ऐकल्यासारखं केलं होतं, एवढंच.

दौलतरावांनी सीटवर बसून पेट्रोलचा कॉक उघडला. नटाखाली थेंब जमला. चंपतने आणखी जोर केला. थेंबाची धार झाली.

"काय म्हणते?" वरून आवाज आला.

फडक्याने पुसून "ठीक हाये" म्हणायला क्षण पुरला असता. पण शकुबाई शेजारीच उभी होती. ती धारेकडे पाहत नव्हती, भावाच्या तोंडाकडे पाहत होती.

"बंद करा, भाऊजी," तो म्हणाला. "म्याच फोडलं."

नट सोडला तर नळीचं कर्ण्यासारखं फुलवलेलं तोंड चिरलं होतं. ॲल्युमिनियमची नळी ती, वाफेच्या नळाचा जोर तिला कुठला सोसायला! चंपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दौलतराव उतरले, त्यांनी चीर पाहिली. चिरलेला तुकडा कापून त्यांनी नळीला नवं तोंड फुलवलं आणि पाना स्वतः उचलला.

"थांबा," चंपत म्हणाला. "शकुबाईलेच आवळू द्या. तिले दुसऱ्याच्या हाताचा भरोसा नाई, अन् माह्यावरचा आता मलेच नाई."

"मी काय फिटर हावो का?" शकुबाई म्हणाली. पण पदराला हात पुसून ती बसलीही. नट तिने बोटांनी अलगद फिरवत बसवला. मग पाना लावला, पाव फेरा.

"अजून जरासं?"

"नाई," दोघे एकदमच म्हणाले.

कॉक उघडला. जोड कोरडा राहिला. शकुबाईने नटाखालून बोट फिरवलं, नाकाला लावून हुंगलं, पुन्हा फिरवलं. वास नव्हता.

दौलतराव सीटवर जाऊन बसले. चंपतने वाळूचं पोतं खांद्यावर घेतलं आणि मागच्या सीटकडे निघाला.

"हे काहाले?" शकुबाईने विचारलं.

"वजनाले. मांगं कोनी बसून नाई राहिलं म्हणून."

तिने विमानाच्या नाकाकडे पाहिलं. वाऱ्यावर तिचा पदर फडफडत होता.

"प्लांटात वाफेची नवी लाइन पहिल्यांदा चालू करतेत, चंपत, तवा तिच्यापाशी कोन उभं रायते?"

"ज्यानं जोड आवळला तोच. रीतच हाये थे."

शकुबाईने पदर कमरेला खोचला.

"मंग ठेव ते पोतं खाली."