डाव्या हातातल्या सात बांगड्या

तारामतीच्या डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. काखेतल्या गाठीही काढल्या, तेव्हापासून डावा हात सुजायचा. कोठी भागातल्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट स्वाती तिला आठ महिने व्यायाम शिकवत होती. दाब देणारी बाही हातावर चढवायची, आधी नुसती मूठ उघडायची-मिटायची, मग कोपर, मग खांदा, आणि आता कुठे अर्ध्या किलोचं डंबेल. "मेल्लगा अम्मा, हळू," स्वाती बजावायची. दर सोमवारी ती टेपने हात मोजायची. एकतीसचा अठ्ठावीस झाला होता. सत्तावीस झाला की स्कूटी चालवायची परवानगी, आणि स्कूटी म्हणजे विद्यानगरच्या घरून काचीगुड्याला, आजारपणात सोडलेल्या नोकरीवर. तारामतीचा सगळा जीव त्या एका सेंटिमीटरात अडकला होता.

नेमकं तेव्हाच पुतणीचं, रेणूचं लग्न निघालं. चुडा भरायला कासारीण घरी आली. तारामतीने उजवा हात पुढे केला.

"आणि डावा?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, बाही सगळीकडून सारखी दाबते. बांगडी एकाच जागी आवळते. डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"लग्नघरात सवाष्णीचा हात रिकामा? माझा लेक धडधाकट आहे अजून!"

तारामतीने नवऱ्याकडे पाहिलं. हिम्मतरावांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "दोन दिवसांचा तर सवाल आहे. कायकू तमाशा करतीस?"

बाही उतरली. कासारणीने साबण लावून, पंजा दाबून सात हिरव्या बांगड्या चढवल्या. संध्याकाळी त्या फिरेनात. दुसऱ्या दिवशी हळदीला हात टम्म फुगला, लाल झाला, अंगात कणकण आली.

"या तोडा हो," ती म्हणाली.

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. लग्न लागायच्या आत बांगड्या फोडायच्या, म्हणजे त्यांच्या पोराच्या जिवावरच उठायचं!

"जरा कळ काढ," हिम्मतराव म्हणाले. कळ काढ म्हणायला त्यांचं काय जात होतं?

लग्नाच्या दिवशी, अक्षता पडायच्या आधीच, तारामती भर मांडवातून उठली आणि रिक्षाने तिने कोठी गाठली. स्वातीने ओलं फडकं गुंडाळून पकडीने एकेक बांगडी तोडली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मग टेप लागला. बत्तीस.

"ताप उतरू दे," स्वाती तिच्याकडे न बघता म्हणाली. "मग पहिल्यापासून. फक्त मूठ."

घरी हात कुणी बघितला नाही, बांगड्या नाहीत तेवढं बघितलं. हिम्मतराव पांढरेफटक पडले. बायकोच्या सहा केमोंपैकी एकीलाही ज्यांना रजा मिळाली नव्हती, त्यांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि डोक्यापासून पायापर्यंत स्वतःची तपासणी करून घेतली. सगळं नॉर्मल निघालं. सासूबाईंनी पेढे मागवले.

"घे," हिम्मतरावांनी पेढा पुढे केला. "देवाने वाचवलं."

तारामतीने डावा हात पुढे केला.

"उजवा कर. पेढा डाव्या हातात घेतात का?"

"डावाच. ठेवा तर खरं."

त्यांनी नाइलाजाने तळहातावर पेढा ठेवला. तिने बोटं मिटायला घेतली. बोटं अर्ध्यावरच थांबली आणि पेढा फरशीवर पडला.

"बघा," तारामती म्हणाली. "मूठ मिटत नाही माझी."

"अरारा, अपशकुन!" म्हणत हिम्मतराव खाली वाकले. पेढा उचलून त्यांनी फुंकला, कपाळाला लावला. हाताकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही.