सव्वातीन पट

तारांगणाच्या गोल भिंतीवर चाळीस तारे होते आणि प्रत्येकाखाली त्याचं अंतर, प्रकाशवर्षांत. अक्षरं पेंटरकाकांची, आकडे माझे. अकराला दार उघडून शाळांची पोरं आत येणार होती. सव्वादहाला साहेब चहाचा कप घेऊन भिंत बघायला आले आणि व्याधापाशी थबकले.

"व्याध दोन पूर्णांक सहा? साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे तो. पोरंसुद्धा हसतील."

कॉम्प्युटरवर माझ्यासमोर दोन रकाने होते, डावीकडे पार्सेकचा, उजवीकडे प्रकाशवर्षांचा. आकाश मोजणारे आपापसांत पार्सेकमध्ये बोलतात, आणि एक पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं. काकांसाठी कागद लिहिताना मी डावा रकाना उतरवला होता. एकटा व्याध नाही, चाळीसच्या चाळीस तारे मी सव्वातीन पट जवळ ओढून ठेवले होते. एवढं शिकून ऐन वेळी अक्कल गहाण टाकली होती.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सहा वर्षं मी इथे तात्पुरती होते आणि मला कायम करायचं पत्र त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. नवऱ्याला तर दम निघेना. त्याने सकाळीच सगळ्या नातेवाइकांना फोन करून मला कायम करून टाकलं होतं.

साहेब काकांकडे वळले. काकांना जवळचं दिसत नाही, अशी कुजबुज ऑफिसात होतीच. हाताने रंगवण्याऐवजी छापील स्टिकर लावावेत, असंही चाललं होतं. ज्यावरून उतरवलं तो कागद दाखवा, असं साहेबांनी सांगितलं.

काकांची एक रीत आहे. भिंतीवरचा रंग पुरता वाळेपर्यंत मूळ कागद सदऱ्याच्या खिशातून हलवायचा नाही, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवलं तर पुरावा हाताशी असतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे बजावलं होतं. आता कागद निघणार आणि माझं अक्षर साहेबांसमोर येणार होतं.

"टाकून दिला, साहेब," काका म्हणाले. "माझंच चुकलं असेल उतरवताना."

त्यांच्या पातळ सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या कागदाचा कोपरा मला स्वच्छ दिसत होता. काका माझ्याकडे बघत नव्हते. कोरडाच ब्रश फडक्याला पुसत होते. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग इतकी लाज वाटली की कान तापले.

हे शेवटचं काम समजा, साहेब म्हणाले, उद्या स्टिकरवाल्याला बोलावतो. काकांनी नुसती मान हलवली. तीस वर्षं इथली प्रत्येक पाटी ज्या माणसाने रंगवली, त्याचा निकाल चहा निवायच्या आत लागला होता.

"कागद त्यांच्या खिशात आहे," मी म्हणाले. "अक्षर माझं आहे. चूकही माझीच."

"गप बस, पोरी," काका चिडून म्हणाले.

मी पुढे होऊन कागद ओढून काढला आणि साहेबांच्या हातात दिला. ते भिंतीलगत चालत एकेक आकडा ताडून बघत गेले. ती फेरी संपता संपेना. चाळीसपैकी एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नव्हता.

साहेबांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला. अकरापर्यंत किती जमेल, असं त्यांनी काकांना विचारलं. व्याध तेवढा होईल, बाकीचे आकडे आज झाकून ठेवा, काका म्हणाले. साहेब जायला निघाले.

"तुमच्या पत्राचं नंतर बघू," दारातून ते मला म्हणाले.

ते गेल्यावर काकांनी शिडी व्याधाखाली ओढली आणि माझ्यापुढे एक कोरा कागद धरला.

"नीट लिही आता. आणि अक्षर मोठं काढ," ते हळूच म्हणाले. "मला खरंच दिसत नाही गं. आधीचा कागद भिंग लावून वाचला."

मी लिहिलं, व्याध, ८.६. दोनच आकड्यांत कागद भरला.